काचेचा की चेहऱ्याचा

आमच्या ऑफिसात अवकाश दुर्बिणींनी काढलेले फोटो येतात असं सांगितलं की लोकांना वाटतं, आम्ही रात्र रात्र जागून आकाशाकडे टक लावून बसत असणार. छे हो! आमचं ऑफिस नऊ ते साडेपाच. एक ते दीड जेवणाची सुट्टी. माझी खुर्ची खिडकीशी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची नि तिच्यावरची पाण्याची टाकी दिसते. वर थोडंसं आकाशही दिसतं, पण ते बघायला मला कोणी ठेवलेलं नाही.

मला ठेवलंय डाग काढायला.

दुर्बीण तिकडे लांब, पृथ्वीबाहेर फिरत असते. तिच्या कॅमेऱ्यावर अवकाशातले भरकटलेले कण येऊन आदळतात आणि प्रत्येक कण फोटोत एक पांढरा ठिपका उमटवून जातो. शिवाय कॅमेरा जुना झाला की त्याचे स्वतःचे चार ठिपके कायमचे पांढरे पडतात. अभ्यास करणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, ते मूळ आकड्यांवर काम करतात. पण तोच फोटो भिंतीवर लावायचा किंवा पुस्तकात छापायचा म्हटलं की तो पिठात लोळून आल्यासारखा दिसून चालत नाही. ते ठिपके एकेक करून पुसायचे आणि खऱ्या ताऱ्यांना मात्र हात लावायचा नाही, हे माझं काम.

त्याआधी एकवीस वर्षं मी एका फोटो स्टुडिओत हेच करत होते. फक्त तिथे तारे नव्हते, माणसं होती. दाढी करताना कापलेलं, चामखीळ, नेमकी लग्नाच्या सकाळी नाकाच्या शेंड्यावर उगवलेली पुटकुळी. मग स्टुडिओ बंद झाला. आता प्रत्येकाच्या खिशातला फोनच माणसाला न विचारता गुळगुळीत करून टाकतो, तिथे आमच्याकडे कोण येणार? एक्कावन्नाव्या वर्षी मी घरी बसले. नवरा म्हणाला, "आता आराम कर." आराम मला तीन आठवडे जमला. चौथ्या आठवड्यात मी नवऱ्याच्या चष्म्यावरचे डाग पुसायला लागले, तेही चष्मा त्याच्या नाकावर असताना. त्यानेच मग वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्या कपाखाली ठेवली.

नोकरी मिळाली, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. कारण माझ्या कामाला एक प्रतिस्पर्धी होता आणि तो म्हणजे एक बटण.

संगणकाचं सगळं काम बघणारे आमचे एक गृहस्थ आहेत. चाळिशीचे, सज्जन, डबा नेहमी अर्धा दुसऱ्याला देणारे. पण जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एक बटण असतं, म्हणून मी त्यांना बटणराव म्हणते. तोंडावरच म्हणते, त्यांना आवडतं. ठिपके पुसायलाही त्यांनी बटण बनवलं होतं. दाबलं की ठिपके साफ. मात्र ठिपक्यांबरोबर फोटोतले केसासारखे बारीक धागेही साफ. म्हणून हाताने काम करणारं माणूस हवं, असं आमच्या विभागप्रमुख बाईंचं म्हणणं होतं, आणि बटण थोडं सुधारलं की माणूस लागणार नाही, असं बटणरावांचं. सहा महिन्यांच्या शेवटी एक मोठं चित्र जायचं होतं, भिंतभर. ते माझ्या हातून कसं होतं त्यावर ठरणार होतं, मी राहायचं की बटण.

उपाशी मरायची वेळ आली होती असं मुळीच नाही. पण माझ्या हाताला आयुष्यात एकच गोष्ट येते, आणि ती कोणाला तरी लागते आहे असं मला वाटायला हवं होतं. मला परत घरी जाऊन चष्मे पुसायचे नव्हते.

चित्र होतं एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांचं. त्याला यादीत एक लांबलचक क्रमांक होता, पण ऑफिसात सगळे त्याला फुलकोबी म्हणायचे, कारण तो तसाच दिसायचा. हजारो वर्षांपूर्वी एक प्रचंड तारा फुटला आणि त्याच्या पोटातलं सगळं बाहेर फेकलं गेलं. लोखंड, गंधक आणि आणखी काय काय. ते अजूनही बाहेरच चाललंय आणि अजूनही लाखो अंश तापलेलं आहे. आपल्या डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. क्ष-किरण टिपणाऱ्या दुर्बिणीला दिसतं, आणि तिच्याकडून येतो तो फोटो काळा-पांढरा. लोखंडाचा वेगळा, गंधकाचा वेगळा. मग आम्ही लोखंडाला एक रंग देतो, गंधकाला दुसरा, आणि सगळे एकावर एक बसवतो.

रंग भरलेली फुलकोबी पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मी तोंडात बोट घातलं. जांभळ्या काठांची, आतून केशरी, आणि कडेने निळे धागे असे निघालेले की वाटावं, कोणीतरी नुकतीच फुंकर मारली आहे.

"हे मेलेलं आहे?" मी बाईंना विचारलं.

"मेलेलं आहे," बाई म्हणाल्या, "पण गार नाही झालेलं."

बाई साठीला टेकल्या होत्या. कमी बोलायच्या, भरभर चालायच्या आणि चष्मा सतत कपाळावर ठेवून तो सगळ्या ऑफिसभर शोधायच्या. पण त्यांचा खरा शोध वेगळा होता. एवढा मोठा तारा फुटला की त्याचा गाभा आत दाबला जाऊन एक लहानसा, भयंकर जड गोळा मागे उरतो. सगळ्या फुलकोबीत तो एखाद्या ठिपक्याएवढा दिसायला हवा. बाई त्याला अकरा वर्षं शोधत होत्या. मध्यभाग त्यांनी पिंजून काढला होता. मिळत नव्हता. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याबद्दल कोणी बोललं की विषय बदलायच्या.

आता मास्तरांबद्दल सांगायलाच हवं.

मास्तर म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक. मी तिथे लागले तेव्हा त्यांनी मला एक लाल पेन्सिल आणि पारदर्शक कागदाचा गठ्ठा दिला. नियम असा की पुसलेला प्रत्येक डाग कागदावर लाल ठिपक्याने टिपून ठेवायचा. फोटोवर कागद ठेवायचा, चारी कोपरे आखायचे, चेहऱ्याची रेघ पेन्सिलीने ओढायची आणि मग लाल ठिपके. का, ते सांगितलं नाही. मास्तर कारणं सांगण्यातले नव्हतेच. शाबासकी देण्यातले तर अजिबात नाही. भिंग घेऊन ते प्रत्येक फोटो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तपासायचे, आणि मी आपली शेजारी उभी, धाबं दणाणलेली. राहिलेला डाग सापडला की एकच वाक्य: "हा राहिलाय." नाही सापडला तर काहीच नाही. नुसता पुढचा फोटो.

कारण मला वर्षभराने कळलं. एक बाई आल्या. त्यांचा मुलगा अचानक गेला होता. जाण्याआधी काही महिने त्याने आमच्याकडेच नोकरीच्या अर्जासाठी तीन फोटो काढले होते. त्यांना त्यातला एक मोठा करून हवा होता. मी जीव ओतून काम केलं. डोळ्याखालचा एक डाग, अगदी मुळापासून घालवला. बाईंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि मास्तरांना म्हणाल्या, "छान झालाय. पण हा माझा मुलगा नाही हो."

मास्तर मला काही बोलले नाहीत. त्यांनी माझा कागद मागवला, लाल ठिपका शोधला, बारीक ब्रश घेतला आणि त्या बाई बाकावर बसलेल्या असताना तो डाग होता तिथे होता तसा परत काढला. बाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि तिथेच रडल्या. त्या गेल्यावर मास्तरांनी त्या मुलाच्या तिन्ही फोटोंचे कागद माझ्यासमोर ठेवले.

"एकावर एक धर. खिडकीला लाव."

मी कोपऱ्यावर कोपरा ठेवून धरले.

"असं धरलं की जो ठिपका ठिपक्यावर येतो, तो काचेचा. लेन्सवर धूळ आहे. तो बेशक पूस. आता चेहऱ्यावर चेहरा ठेवून धर."

पहिल्या फोटोत मुलगा समोर बघत होता, दुसऱ्यात जरा डावीकडे, तिसऱ्यात मान कललेली. मी कागद फिरवून फिरवून चेहऱ्याच्या रेघा जुळवल्या. सगळे लाल ठिपके पांगले आणि डोळ्याखालचा तेवढा एक, तिन्ही कागदांवर एकाच ठिकाणी आला.

"हा चेहऱ्याचा," मास्तर म्हणाले. "माणसाने मान फिरवली तरी त्याच्याबरोबर फिरतो. याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. डाग दिसला की पहिलं हे विचारायचं. काचेचा की चेहऱ्याचा?"

त्या दिवसापासून प्रत्येक काम सोडण्याआधी मी कागद दोनदा खिडकीला धरले. एकदा कोपऱ्यावर कोपरा, एकदा चेहऱ्यावर चेहरा.

नव्या नोकरीतही मी लाल पेन्सिल आणि कागद घेऊनच गेले. बटणराव हसले. "ताई, संगणक सगळं लक्षात ठेवतो." मी म्हटलं, "ठेवू दे. मीही ठेवते." प्रत्येक फोटोचा छोटा छाप काढायचा, त्यावर कागद, चार कोपरे, फुलकोबीची रेघ आणि पुसलेले ठिपके. कधी चारशे, कधी सहाशे. काम संपलं की कागद खिडकीला धरायचे, पाण्याच्या टाकीसमोर. कोपऱ्यावर कोपरा. कॅमेऱ्याचे ते चार कायमचे खराब ठिपके दर वेळी बरोबर एकावर एक यायचे आणि मी खूश व्हायचे.

दुसऱ्यांदा मात्र मी धरत नव्हते. आकाशाला कुठला आलाय चेहरा, असं माझं मत. आणि खरं सांगायचं तर मास्तरांचा थोडा रागही होता. स्टुडिओच्या शेवटच्या दिवशी, एकवीस वर्षांनंतर, मला वाटलं होतं की हा माणूस आज तरी दोन गोड शब्द बोलेल. ते म्हणाले, "जाताना दिवे बंद कर." त्यानंतर मी त्यांच्या घराकडे फिरकलेही नव्हते. त्यांच्या नियमातला अर्धा मी पाळत होते, तो फक्त हाताला सवय होती म्हणून.

भिंतीवरच्या चित्रासाठी फुलकोबीचे तीन फोटो वापरायचे होते. एक आठ वर्षांपूर्वीचा, एक चार वर्षांपूर्वीचा आणि एक यंदाचा. दुर्बीण दर वेळी वेगळ्या कलाने वळलेली असते, त्यामुळे एका फोटोत फुलकोबी उभी, दुसऱ्यात आडवी, तिसऱ्यात चक्क डोक्यावर उभी. मी तिन्हींचे ठिपके काढून दिले की बटणराव ते फिरवून सरळ करणार आणि एकावर एक बसवणार, असं ठरलं होतं. छपाईला चित्र जायचं होतं दुपारी तीनला. माझं काम आदल्या दिवशीच संपलं होतं आणि ते चांगलं झालं होतं. बाई म्हणाल्याही होत्या, "धागे सगळे शाबूत आहेत." जवळजवळ नोकरी मिळाल्यासारखंच होतं.

सकाळी साडेअकराला बटणरावांनी हाक मारली. "ताई, बघा, तिन्ही पोरी कशा एका रांगेत उभ्या केल्यात." पडद्यावर तीन फुलकोब्या शेजारी शेजारी होत्या, सरळ केलेल्या. तोच डावीकडचा फुगवटा, तीच उजवीकडची खाच. मी बघतच राहिले.

"ही ओळखू येते की हो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मान फिरवली तरी ओळखू येते."

मी जागेवर आले, तिन्ही कागद काढले आणि खिडकीला धरले. या वेळी कोपरे सोडून दिले. फुगवट्यावर फुगवटा, खाचेवर खाच. दोन कागद जुळले, तिसरा फिरवत फिरवत आणला. लाल ठिपके सगळीकडे पांगले. आणि डावीकडे, मध्यापासून बऱ्याच लांब, दोन पापुद्र्यांमधल्या काळ्या फटीत, एक ठिपका तिन्ही कागदांवर बरोबर एकावर एक बसला.

मी कागद काढले, परत जुळवले. भिंग लावलं. तोच. आठ वर्षांपूर्वीचा, चार वर्षांपूर्वीचा, यंदाचा. फुलकोबी फिरली होती, तसा तोही तिच्याबरोबर फिरला होता.

भरकटलेला कण तीन वेळा त्याच जागी येऊन आदळत नाही. कॅमेऱ्याचा दोष असता तर तो कोपऱ्यांबरोबर जुळला असता. हा काचेचा नव्हताच. आणि मी तो एकदा नाही, तीनदा पुसला होता. स्वच्छ, मुळापासून, माझ्या सगळ्या कौशल्यानिशी.

बटणराव माझा चेहरा बघून उठून आले. मी कागद दाखवले. त्यांना दोन मिनिटांत कळलं. माणूस हुशार आहे.

"योगायोगही असेल," ते हळू आवाजात म्हणाले. "सहाशे ठिपक्यांत एखादा जुळायचाच. ताई, हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. आज हे बाईंसमोर नेलंत तर त्या पहिला प्रश्न विचारतील की सहा महिन्यांत आणखी काय काय खरं पुसलंत. तीन वाजता चित्र जाऊ द्या. पक्क्या झालात की मग शांतपणे सांगा."

हे बोलणारा माणूस म्हणजे ज्याचं बटण माझ्या जागी यायचं होतं तो. गप्प बसला असता तर त्याचाच फायदा होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही, जरी त्याचं ऐकलं नाही तरी.

मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"अहो, माझी नोकरी जाईल बहुतेक."

"का गं? काय झालं?"

"एक ठिपका पुसायला नको होता."

"कोणाला कळलंय?"

"अजून नाही. मी सांगितलं तर कळेल."

मग तो म्हणाला, "सांगून टाक. चष्मा आहेच इथे."

मी तशीच बाईंच्या खोलीत गेले. त्या चष्मा शोधत होत्या. मी म्हटलं, "कपाळावर आहे. आणि बाई, माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे." मग सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. मास्तर, कागद, कोपरे, चेहरा, तीनदा पुसलेला ठिपका. दुसऱ्यांदा धरून बघायला हवं होतं, ते मी सहा महिने केलं नाही, हेही सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत असं म्हटलं तर ते खोटं होईल.

"सहा महिने? शिकवलेलं असून?"

"हो."

"आळस?"

"आळस नाही. मला वाटलं, इथे त्याचं काय काम."

"छपाईवाल्यांना फोन करा. चित्र आज जाणार नाही," बाई दारातून बटणरावांना ओरडून म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातून कागद जवळजवळ ओढून घेतले आणि स्वतःच्या खिडकीला धरले. त्यांना ते जुळवता येईनात. मी मागून जाऊन कोपरे धरले आणि फुगवट्यावर फुगवटा बसवून दिला.

त्यांनी कागद माझ्या हातात दिले. मग टेबलाशी बसल्या आणि तिन्ही फोटोंचे मूळ आकडे उघडले, न पुसलेले. त्यांनी ठिपक्याच्या जागी बोट नेलं.

"प्रकाशाचे चार कण," त्या म्हणाल्या. दुसरा फोटो. "पाच." तिसरा. "चार. नुसते चार-पाच कण. एकेका फोटोत याच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. मीही नाही बघितलं."

"पण हा मध्यात नाही," बटणराव दारातून म्हणाले.

"नाही ना. तारा फुटताना धक्का एका बाजूला जास्त बसला तर गाभा दुसरीकडे फेकला जातो. ते मला माहीत आहे, मी शिकवते ते. पण इतक्या लांब जाईल असं मी धरलंच नव्हतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अकरा वर्षं मी मधेच उकरत बसले."

मग त्या एकदम म्हणाल्या, "चहा सांगा. तिघांना."

चहा आला, पण निकाल नाही आला. खगोलवाल्यांचं सगळं सावकाश चालतं. त्या जागेकडे दुर्बीण पुष्कळ वेळ रोखून धरावी, असा अर्ज बाईंनी केला. तो मंजूर व्हायला दोन महिने, दुर्बिणीची वेळ यायला तीन. तोवर मला तारखेशिवाय मुदतवाढ मिळाली, आणि बाईंनी एकच काम दिलं: आजवरचे सगळे कागद काढायचे आणि सगळे दुसऱ्यांदा खिडकीला धरायचे. मी धरले. आणखी काही खरं पुसलं गेलं नव्हतं. ते कळलं त्या दिवशी कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सहाव्या महिन्यात, एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या. आमचे डबे उघडे होते. त्या म्हणाल्या, "आहे." इतकंच. मग बसल्या आणि म्हणाल्या, "सेकंदाला सात वेळा उघडझाप करतोय. अजून." आणि सगळ्यांसमोर रडायला लागल्या. बटणरावांनी अर्धा डबा त्यांच्यापुढे सरकवला, कारण त्यांच्याकडे याचं बटण नव्हतं. मी बाईंचा चष्मा घेतला आणि पुसून दिला. तेवढं मला येतं.

भिंतीवरचं चित्र त्या ठिपक्यासकट छापून गेलं. मी पक्की झाले. बटणही झालं, पण वेगळं. आता फोटो आला की ते आधी कोपरे जुळवून बघतं, मग चेहरा जुळवून बघतं आणि शंका आली की मला हाक मारतं. त्या बटणावर बटणरावांनी 'मास्तर' असं लिहिलंय.

बाईंनी शोधनिबंध लिहिला तेव्हा मला बोलावून शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. तिथे आभार मानतात. माझे होते. मी म्हटलं, "बाई, यात एक नाव कमी आहे." कोणाचं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

मग मात्र घरी मला बसवेना. आभार मी दुसऱ्यांकडून मानून घेतले होते, स्वतः कधी मानले नव्हते. एकवीस वर्षांत एकदाही नाही. दोन गोड शब्द ते बोलले नाहीत म्हणून मी रुसून बसले होते. मी तरी त्यांना कुठे बोलले होते? रविवारी सकाळी मी फुलकोबीचा हातभर छाप गुंडाळीत घालून मास्तरांच्या घरी गेले.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. मास्तर खिडकीशी बसले होते. वाळले होते. एका डोळ्याने आता दिसत नाही, दुसऱ्याने कडेकडेचं दिसतं, असं मुलीने दारातच सांगितलं. मला वाटलं, ओळखणार नाहीत.

"इतके दिवस कुठे होतीस?" मास्तर म्हणाले. "दिवे बंद केले होतेस ना?"

"केले होते," मी म्हटलं. "मास्तर, मी तुमचे आभार मानायला आलेय."

"कशाबद्दल?"

मी सांगितलं. फुटलेला तारा, तीन कागद, बाईंची अकरा वर्षं, सेकंदाला सात वेळा होणारी उघडझाप. आभाराचा परिच्छेदही वाचून दाखवला. ते ऐकत होते की नाही, कळेना. शेवटी म्हणाले, "एकवीस वर्षं राबलीस, त्याचे मी मानले का? मग तू कशाला मानतेस?" आणि जरा थांबून म्हणाले, "मानायला हवे होते. त्या दिवशी मला बोलवेना. फोटो आण इकडे."

मुलीने टेबल खिडकीशी ओढलं. मी छाप पसरला आणि चारी कोपऱ्यांवर पेले ठेवले. मास्तरांनी खिशातून भिंग काढलं, तेच जुनं. मान वाकडी करून, ज्या कडेने दिसतं ती कड फोटोवर आणून त्यांनी सुरुवात केली. वरचा डावा कोपरा. मग सावकाश उजवीकडे. मग खाली, परत डावीकडून. जांभळे काठ, निळे धागे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी त्यांच्या शेजारी उभी होते, बावन्न वर्षांची, आणि माझं धाबं पहिल्या दिवसासारखं दणाणलं होतं.

भिंग थांबलं. डावीकडे, दोन पापुद्र्यांमधल्या काळ्या फटीवर. मास्तरांनी अजून मान वाकवली. मग न बघताच हात पुढे केला, माझ्याकडे, लाल पेन्सिलीसाठी.

"हा राहिलाय," ते म्हणाले.

पेन्सिल माझ्या पिशवीत होती. मी ती दिली नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "आधी विचारायचं काय असतं?"

त्यांचा हात तसाच राहिला. चेहरा माझ्याकडे वळला, ज्या कडेने दिसतं त्या कडेने.

"काचेचा की चेहऱ्याचा?"

"चेहऱ्याचा."

मास्तरांनी हात मागे घेतला. भिंग परत त्या ठिपक्यावर ठेवलं आणि पुष्कळ वेळ तिथून हलवलंच नाही.

"राहू दे मग," ते म्हणाले. "काम चांगलं झालंय."